हात, नजर, हाक आणि भरवसा



या व्यासपीठावरून आजवर राज्यकारभार, अर्थकारण, साहित्य, तत्त्वज्ञान अशा भारदस्त विषयांची चर्चा झालेली आहे, आणि त्या परंपरेत मुलांच्या मोकळ्या हवेतील खेळांवर बोलण्याचे मी ठरविले, याचा आपणांपैकी काहींना विस्मय वाटला असेल तर तो स्वाभाविक आहे. परंतु जी गोष्ट मनुष्याच्या आयुष्याची पहिली पंधरा वर्षे व्यापून असावयास हवी, जिच्यावाचून हाडे बळकट होत नाहीत, दृष्टी निकोप राहत नाही, आणि परक्याशी भांडून पुन्हा त्याच्याचबरोबर डाव मांडण्याची विद्या अंगी येत नाही, ती गोष्ट आपल्या डोळ्यांदेखत एकाच पिढीच्या अवधीत गल्ल्यांतून नाहीशी होत चालली असताना तिला क्षुल्लक म्हणावे काय? गावातील विहीर कोणी बुजविली तर ग्रामपंचायतीपासून कलेक्टर कचेरीपर्यंत अर्ज जातात; गावातील खेळाची जागा बुजविली तर अर्ज कोण करतो? ज्यांचे नुकसान होते त्यांना मत नाही, मुखत्यारपत्र नाही, आणि आपले काय हिरावले गेले ते सांगण्याइतके शब्दही नाहीत. त्यांची वकिली आपणांसच केली पाहिजे, एवढ्याच अधिकाराने मी आज उभा आहे.

आपण सामान्यतः जो प्रश्न विचारतो तो असा, की कोणत्या वयाच्या मुलाला कोणता खेळ द्यावा. खेळण्याच्या खोक्यावर वयाचा आकडा छापलेला असतो, उन्हाळी शिबिराच्या पत्रकावर वयोगट छापलेला असतो, आणि त्या आकड्यांवर विसंबून आपण निश्चिंत होतो. मला हा प्रश्न दुय्यम वाटतो. खेळ मूल स्वतःच शोधून काढते. ओली माती, चार दगड आणि एक समवयस्क एवढी सामग्री मिळाली की पृथ्वीच्या पाठीवरचे कोणतेही मूल खेळू लागते, त्याला त्यासाठी गुरू लागत नाही. खरा प्रश्न असा आहे की, कोणत्या वयाला वडीलधाऱ्यांनी मुलापासून किती अंतरावर उभे राहावे?

हे अंतर मोजण्याची मापे आपल्या घरांत पूर्वापार आहेत. तान्हे मूल हाताशी असावे. पायावर उभे राहिले की नजरेच्या टप्प्यात असावे. शाळकरी झाले की हाकेच्या अंतरावर असावे. आणि वयात येऊ लागले की त्याला भरवशावर सोडावे. हात, नजर, हाक, भरवसा. आज मी जे काही सांगणार आहे ते या चार मापांतच सांगणार आहे. आणि माझी तक्रारही एकच आहे, ती ही की आपण वय वाढू दिले, पण माप बदलले नाही. चौदा वर्षांचा मुलगा आज नजरेत ठेवला जातो आणि चार वर्षांची मुलगी हातात धरून ठेवली जाते.

पहिल्या मापाविषयी मी थोडक्यात बोलतो, कारण तेथे आपल्या आजीबाईंचे ज्ञान अद्याप पुरते लोपलेले नाही. तेल लावून न्हाऊमाखू घातलेले मूल कोवळ्या उन्हात घेऊन बसण्याची रीत होती. आजोबांच्या खांद्यावरून मूल देवळाच्या आवारापर्यंत जाई, पारावर बसे, पिंपळाचे पान हलताना पाही, कावळ्याच्या दिशेने हात करी. हे सारे खेळच होते. मूल उपडे पडू लागले की त्याला जमिनीवर सोडावे, कडेवर आणि पाळण्यात अडकवून ठेवू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली बालकांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली त्यांतही एक वर्षाच्या आतील, अद्याप न रांगणाऱ्या मुलाला दिवसातून एकूण निदान ३० मिनिटे पोटावर पालथे खेळू द्यावे, असे सांगितले आहे. मात्र गुळगुळीत फरशीवर रांगलेले मूल आणि शेणाने सारवलेल्या ओट्यावर, गवतावर, वाळूवर रांगलेले मूल यांच्या तळहातांना जगाविषयी सारखेच ज्ञान होते, असे समजू नये. खरखरीत काय, ओले काय, उतरते काय, हे तळहाताला आणि गुडघ्याला प्रथम कळते. शब्द फार मागाहून येतात.

आता दुसरे माप. तीन ते सहा वर्षांच्या मुलाचे राज्य म्हणजे अंगण. याच संघटनेने तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात १८० मिनिटे हालचाल हवी, त्यांतील निदान ६० मिनिटे दम लागेल अशी हवी, असे म्हटले आहे. तीन तास! इमारतीच्या चौथ्या मजल्यावरील दोन खोल्यांत तीन तासांची हालचाल कशी बसवावयाची? ती बसत नाही म्हणूनच मूल पलंगावर उड्या मारते, भिंतीवर चेंडू आपटते, आणि त्याला आपण व्रात्य म्हणतो. व्रात्य मूल नसते. अपुरी जागा असते.

अंगणाचे मोल ज्यांनी महाराष्ट्रात सर्वांत खोलवर ओळखले त्यांचे स्मरण येथे करणे मला अगत्याचे वाटते. १९२० साली भावनगरला गिजुभाई बधेका यांनी दक्षिणामूर्ती बालमंदिर काढले, आणि तेथे त्यांच्या खांद्याला खांदा लावून काम केलेल्या ताराबाई मोडकांनी पुढे, १९४५ साली, नामांकित शहरांतील सुखवस्तू मुलांना सोडून तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डीची वाट धरली. अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तो मुलूख वारल्यांचा. आज तो पालघर जिल्ह्यात मोडतो. त्या पाड्यांतील मुले बालवाडीत येईनात. दुसरा कोणी असता तर पालकांच्या अज्ञानाविषयी अहवाल लिहून मोकळा झाला असता. ताराबाईंनी बालवाडीच उचलून पाड्यातल्या अंगणात नेली. माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने तेथे कोठून येणार? म्हणून शिंपले, बिया, पाने, काड्या, खडे हीच साधने झाली. मोठी मुले गुरे घेऊन रानात जात, म्हणून त्यांच्यासाठी गुरांच्या मागोमाग कुरणातच शाळा नेली, आणि ती कुरणशाळा म्हणून ओळखली गेली.

श्रोतेहो, या घटनेचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. विसाव्या शतकाच्या मध्यास एका विदुषीने असे प्रत्यक्ष करून दाखविले की, मूल जेथे आधीच खेळत आहे तेथे शिक्षणाने जावयाचे असते, मुलाला त्याच्या खेळातून उपटून शिक्षणाच्या खोलीत आणावयाचे नसते. १९७५ च्या २ ऑक्टोबरला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव दिले. आज देशभर हे नाव रूढ आहे. परंतु अशी किती केंद्रे आज आपण दाखवू शकू, की ज्यांना खरोखरीचे अंगण आहे? एका खोलीत, भिंतीवरच्या तक्त्यांकडे तोंड करून बसलेली मुले पाहिली म्हणजे नावाचा निम्मा अर्थ आपण हरवला आहे, असे खेदाने म्हणावे लागते.

या वयाच्या मुलाला बाहेर काय द्यावे, असे मला माता विचारतात. माझे उत्तर असे की, पाणी, माती, उतार आणि एखादे बुटके झाड द्यावे, आणि आपण स्वतः दुसरे काही काम घेऊन तेथे बसावे. आई सुपात तांदूळ पाखडीत आहे, आजी वाती वळीत आहे, आणि चार हातांवर मूल चिखलाच्या भाकऱ्या थापीत आहे, यांत मुलाला जो निर्धास्तपणा लाभतो तो सतत ‘शाब्बास, आता असे कर’ म्हणणाऱ्या मोठ्या माणसाच्या संगतीत लाभत नाही. मोठ्यांची नजर असावी, पण ती मुलाच्या हातावर खिळलेली नसावी. ते पडले तर प्रथम त्याला स्वतःहून उठू द्यावे. कपडे मळतील, ते मळण्यासाठीच असलेले निराळे कपडे ठेवावेत, म्हणजे तो वादच मिटतो.

आता मी तिसऱ्या मापाकडे वळतो, आणि येथे थोडा रेंगाळणार आहे, कारण सहा-सात ते अकरा-बारा या वयाइतकी खेळाची समृद्धी मनुष्याच्या आयुष्यात पुन्हा येत नाही, आणि आपण सर्वांत जास्त दरोडा घातला आहे तो याच वयाच्या संध्याकाळीवर.

हाकेच्या अंतरावर काय काय होते? लगोरी होती, विटीदांडू होता, लपंडाव, आबाधोबी, लंगडी, आट्यापाट्या, डोंगर-पाणी, विषामृत, वडाच्या झाडावरच्या सूरपारंब्या होत्या. आणि या खेळांना ऋतूंचे भान होते. मृगाच्या सरी पडून जमीन मऊ झाली की टोकदार सळई रुतवत रुतवत गावाबाहेर जाण्याचा खेळ निघे. श्रावणात झाडांना झोके लागत. भाद्रपद-आश्विनात मुली भोंडल्याचा फेर धरीत. संक्रांतीच्या सुमारास पतंग येत. कोणीही हुकूम न काढता एके दिवशी साऱ्या गावातले भोवरे बाहेर पडत आणि एके दिवशी साऱ्या गोट्या खिशांत परत जात. मुलांच्या या पंचांगाला ज्योतिषी लागत नसे. पावसाचे, उन्हाचे, वाऱ्याचे, मातीच्या ओलीचे जे ज्ञान शेतकऱ्याच्या मुलाला कामातून होते, ते शहरातील मुलालाही खेळातून थोडेबहुत होत असे.

पण या खेळांचा खरा गाभा मला त्यांच्या नियमांत दिसतो. राज्य कोणावर, हे चकून ठरविले जाई. भिडू वाटून घेतले जात, आणि दोन्ही पक्ष समतोल नसतील तर डाव रंगत नाही, हे नऊ वर्षांच्या पोरालाही कळे, म्हणून चांगला खेळाडू एकीकडे गेला की दोन कच्चे खेळाडू दुसरीकडे दिले जात. वाद होई, तासभर होई, कित्येकदा खेळापेक्षा वादच लांबे. आपण मोठी माणसे त्या भांडणाला वेळेचा अपव्यय समजतो. मला तर लोकशाहीची पहिली सभा तीच वाटते. तेथे पंच नव्हता, शिट्टी नव्हती, निकाल देणारा कोणी वडीलधारा नव्हता. डाव पुन्हा सुरू व्हावा ही सर्वांची निकड, आणि त्या निकडीपोटी प्रत्येकाने सोडलेला थोडा थोडा हट्ट, एवढ्यावर न्याय होत असे. जो रडीचा डाव खेळे त्याला दुसऱ्या दिवशी कोणी बोलावीत नसे. आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा बोलावीत, कारण भिडू कमी पडत!

आणि लिंबूटिंबू! ही संस्था ज्याने प्रथम योजिली त्या अनामिक मुलाला मी शिक्षणशास्त्रज्ञांच्या पंक्तीत बसवीन. चार वर्षांचे भावंड मागे लागले आहे, त्याला घरी ठेवता येत नाही आणि खेळात घेतले तर डाव मोडतो. मग काय करावयाचे? त्याला लिंबूटिंबू करावयाचे: ते धावेल, पकडले गेले तरी बाद होणार नाही, त्याच्यावर राज्य येणार नाही, त्याचे गुण मोजले जाणार नाहीत, पण ते खेळात आहे. त्या लहानग्याने वर्षभर असे धावावे, नियम कानांवर पडावेत, आणि एके दिवशी कोणीतरी म्हणावे, ‘आता हा खरा भिडू.’ त्या दिवसाची मिरवणूक निघत नसे, पण त्याचा अभिमान मुलाच्या चालीत दिसे. निरनिराळ्या वयांची मुले एकत्र आणण्याची याहून सुंदर तजवीज मला कोठे आढळलेली नाही. आज आपण काय केले आहे? सहा वर्षांखालील एक तुकडी, आठ वर्षांखालील दुसरी, दहा वर्षांखालील तिसरी, प्रत्येकीला वेगळा तास, वेगळी फी, वेगळा शिक्षक. मोठ्याने लहानाला सांभाळून घ्यावे, लहानाने मोठ्याकडे पाहून शिकावे, हा सारा व्यवहार आपण वेळापत्रकाच्या कात्रीने कापून टाकला.

दिवाळीचा किल्ला आठवून पाहा. वाड्याच्या कोपऱ्यात किंवा इमारतीच्या आवारात सहामाही परीक्षा संपल्या संपल्या दगड जमू लागतात. तेरा वर्षांचा मुलगा बुरुज कोठे, दरवाजा कोठे, बालेकिल्ला किती उंच याचा आराखडा ठरवितो. नऊ-दहा वर्षांची मुले घमेल्यांनी माती आणतात, पोती भिजवून दगडांवर पसरतात. सहा वर्षांचे मूल चाळणीने माती चाळते, आणि सर्वांत लहान मूल अळीव पेरते व दिवसातून दहा वेळा ते उगवले का म्हणून पाहते. शेवटी सिंहासनावर महाराज बसतात आणि पायथ्याशी मावळे उभे राहतात. येथे स्थापत्य आहे, इतिहास आहे, वनस्पतिशास्त्र आहे, आणि हाताखालच्या माणसांकडून काम कसे घ्यावे याचे शिक्षणही आहे; तरीही यांतले काहीही कोणी शिकविलेले नाही.

या किल्ल्याची मला जेव्हा जेव्हा आठवण होते तेव्हा डेन्मार्कमधील एक हकीकत मनात येते. कार्ल थेओडोर सोरेन्सेन हा तेथील उद्यानरचनाकार. मुलांसाठी नीटनेटकी क्रीडांगणे आखणे हा त्याच्या व्यवसायाचाच भाग. पण त्याच्या असे लक्षात आले की मुले त्या देखण्या क्रीडांगणांपेक्षा बांधकामाच्या जागी, पडक्या सामानाच्या ढिगाऱ्यात अधिक रमतात. देश जर्मनांच्या ताब्यात असताना, १९४३ साली, कोपनहेगनजवळच्या एम्ड्रुप येथे त्याच्या कल्पनेनुसार एक क्रीडांगण उघडले, ज्यात झोपाळे व घसरगुंड्या यांऐवजी फळ्या, विटा, माती आणि हत्यारे ठेवलेली होती. मुलांनी तेथे झोपड्या बांधल्या, खंदक खणले, मोडले, पुन्हा बांधले. युद्धानंतर लेडी अ‍ॅलन या इंग्रज बाईंनी ते पाहून आपल्या देशात, बाँबहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेल्या मोकळ्या जागांवर, तशी क्रीडांगणे उभारण्याची चळवळ केली. जे तत्त्व युरोपातील एका विचारवंताला निरीक्षणाने सापडले, ते आपली मुले दरवर्षी आश्विनात कोणाच्याही अनुदानाविना आचरीत आली आहेत. आपण फक्त एवढेच करावयाचे, की आवारात माती आणल्याबद्दल त्यांना रागवावयाचे नाही, आणि बाजारात मिळणारा तयार किल्ला विकत आणावयाचा नाही.

मग ही गल्ली गेली कोठे? दूरचित्रवाणीने नेली, भ्रमणध्वनीने नेली, असे म्हणण्याची रीत आहे, आणि त्यात तथ्यही आहे. परंतु पडद्याने मुलाला घरात बांधले त्याच्या आधीच मोटारीने त्याला गल्लीतून हाकलून दिले होते, हे आपण कबूल करीत नाही, कारण पडदा मुलाच्या हातात असतो आणि मोटार आपली असते. इंग्लंडात मेयर हिलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा पद्धतशीर तपास केला. १९७१ साली तेथील सात-आठ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ८० टक्के मुले एकटी शाळेत जात असत. १९९० साली हे प्रमाण ९ टक्क्यांवर आले. वीस वर्षांतच हाकेचे अंतर पुन्हा हाताचे झाले! नेदरलँड्समध्ये मात्र लोकांनी उलट दिशेने विचार केला. डेल्फ्ट शहरात सुरू झालेल्या प्रयोगांतून १९७६ साली तेथे असा कायदाच झाला की, ठरावीक निवासी रस्त्यांवर वाहनाने माणसाच्या चालीने जावे, आणि त्या रस्त्याच्या पूर्ण रुंदीत मुलांना खेळण्याचा हक्क असावा. आपल्या पेठांतील बोळ, चाळींमधील गल्ल्या, सहकारी गृहसंस्थांमधील आतले रस्ते यांना असा नियम लावण्यास कोणती अडचण आहे? संस्थेच्या वार्षिक सभेत वाहनतळाच्या प्रश्नावर दोन दोन तास खर्च होतात. संध्याकाळी पाच ते सात आवारातील एक बाजू गाड्यांपासून मोकळी ठेवण्याचा ठराव मांडावयास किती वेळ लागेल?

येथे पालक मला थांबवितात आणि विचारतात, ‘अभ्यासाचे काय?’ या प्रश्नाची मी टिंगल करणार नाही. परीक्षेवर ज्यांच्या मुलांचे भवितव्य अवलंबून आहे त्यांची काळजी खरी आहे. परंतु त्या अभ्यासासाठी जे डोळे लागतात, त्यांच्याविषयी तैवानचा अनुभव ऐकावा. त्या बेटावर शाळकरी मुलांत जवळचे दिसून दूरचे न दिसण्याचा विकार पिढ्यानुपिढ्या वाढत होता. २०१० पासून तेथील प्राथमिक शाळांतून मुलांना दिवसाकाठी १२० मिनिटे उघड्यावर ठेवण्याची मोहीम सुरू झाली, आणि अनेक दशके चढतच राहिलेले दृष्टिदोषाचे प्रमाण त्यानंतर खाली वळले. याचे कारण असे सांगतात की, दिवसाच्या प्रखर उजेडाने डोळ्याच्या पडद्यात डोपामीन नावाचे द्रव्य स्रवते व त्यामुळे नेत्रगोल अवाजवी लांब होण्यास आळा बसतो. वर्गखोलीतील दिव्यांचा उजेड काही शे लक्स भरतो. बाहेर झाडाच्या सावलीतसुद्धा तो त्याच्या अनेक पटींनी असतो. तेव्हा दुपारची सुट्टी कापून जादा तास घेणारी शाळा मुलाच्या अभ्यासात भर घालीत नाही. ती त्याच्या चष्म्याच्या क्रमांकात भर घालीत असते.

चौथे माप भरवशाचे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला क्रीडांगण पुरत नाही. त्याला पंचक्रोशी हवी असते. सायकलवरून शेजारच्या गावी जाणे, कमरेला भोपळा किंवा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकणे, चार मित्रांनी मिळून एखाद्या गडावर पायी जाणे आणि तेथे पाणी कोणत्या टाक्यात आहे ते शोधून काढणे, यांतून त्याला आपल्या बळाची मर्यादा कळते. धोका आणि साहस यांतील भेद आपण सांगून कळत नाही, तो थोडे साहस करूनच कळतो. अर्थात भरवसा म्हणजे बेफिकिरी नव्हे. पोहणे न येणाऱ्याला पाण्यापाशी एकटे सोडू नये, पावसाळ्यात निसरड्या कड्यांवर जाऊ देऊ नये, वैशाखातील विदर्भाच्या दुपारी मुलांना उन्हात काढू नये, हे सांगावयास नकोच. पण परत यावयाची वेळ ठरवून देणे आणि त्या वेळेपर्यंत फोन न करणे, इतका संयम आईबापांनी शिकला पाहिजे.

आणि मुली? या प्रश्नापाशी आवाज थोडा चढला तर क्षमा असावी. दहा वर्षांपर्यंत जी मुलगी भावाच्या बरोबरीने झाडावर चढते, तिला बाराव्या-तेराव्या वर्षी एकाएकी अंगण बंद होते. तिने काय केले? काहीच नाही, ती फक्त वाढली. ज्या काळी बालविवाह रूढ होता त्या काळी सासुरवाशीण झालेल्या पोरींना खेळावयास मंगळागौरीची रात्र उरलेली होती. झिम्मा, फुगडी, पिंगा यांचे आपण आज कौतुक करतो, रंगमंचावर प्रयोग करतो. परंतु त्या खेळांतील दमसास आणि पायांतील ती विजेसारखी चपळाई पाहिली म्हणजे मला असे वाटते की, वर्षभर कोंडून ठेवलेल्या बाल्याने धर्मकृत्याच्या आडोशाने एका रात्रीत आपला सारा हिशेब पुरा करून घेतला. आज कायदा बदलला, वय बदलले, पोशाख बदलला; तरी संध्याकाळी आपल्या गावाच्या मैदानावर जाऊन मोजून पाहा, त्यात चौदा वर्षांच्या मुली किती असतात?

असतात तेथे काय घडते तेही सांगतो. खो-खोचे नियम १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर प्रथम पद्धतशीर बांधले गेले. त्याच खेळाची पहिली विश्वचषक स्पर्धा २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत झाली, आणि भारताच्या महिलांनी व पुरुषांनी, दोहोंनीही ती जिंकली. महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे आणि पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर, दोघेही महाराष्ट्राचे. ज्या खेळाला नऊ गडी, दोन खांब आणि थोडी मऊ जमीन यांवाचून काही लागत नाही, तो खेळ एका शतकात गल्लीतून येथवर आला. मी प्रत्येक मुलीने विश्वचषक आणावा असे म्हणत नाही. तिने संध्याकाळी दमून, घामाघूम होऊन, मोठ्याने हसत घरी यावे आणि त्याबद्दल तिला कोणी जाब विचारू नये, एवढेच माझे मागणे आहे.

आता शेवटचा आणि सर्वांत व्यावहारिक मुद्दा जागेचा. मुंबईच्या दादर भागातील सुमारे २८ एकरांचे मैदान १९२५ साली नगरपालिकेने लोकांना खुले केले, आणि अवंतिकाबाई गोखल्यांच्या पुढाकाराने १९२७ साली, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या वर्षी, त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळाले. परकीय अंमलातील नगरपालिकेला इतके मोठे मैदान राखण्याची बुद्धी झाली. स्वराज्यात आपण किती राखली? महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ सालचा. त्यानुसार प्रत्येक नगरपालिकेचा विकास आराखडा असतो आणि त्यात खेळाच्या मैदानांसाठी भूखंड आरक्षित केलेले असतात. परंतु त्याच कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे, आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत ती जमीन संपादन झाली नाही, तर मालकाला नोटीस देता येते, आणि नोटिशीनंतरच्या ठरावीक मुदतीत पालिका हलली नाही तर आरक्षण रद्द होते. मालकाचा हक्क मी अमान्य करीत नाही. त्याची जमीन अनिश्चित काळ अडकवून ठेवणे अन्यायाचेच होय. पण मुदत संपेपर्यंत पालिका स्वस्थ का बसते? कारण त्या नकाशावरील तो हिरवा चौकोन आपल्या मुलांचा आहे, हे आपणांपैकी कोणी तिला जाऊन सांगितलेले नसते.

शाळांचेही तसेच. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ सालच्या कायद्याच्या परिशिष्टात शाळेला खेळाचे मैदान असावे, असे स्पष्ट लिहिलेले आहे. त्याच कायद्याने शासकीय व स्थानिक संस्थांच्या शाळांच्या व्यवस्थापन समितीत निदान तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत, असा दंडक घातला आहे. म्हणजे शाळा सुटल्यावर मैदानाचे फाटक उघडे ठेवावे की कुलूप घालावे, हे ठरविताना बहुमत आपल्याच हाती आहे.

तेव्हा माझी आपणांस दोन कामांची विनंती आहे. ज्यांची मुले अशा शाळांत आहेत त्यांनी समितीच्या येत्या बैठकीत, शाळा सुटल्यानंतर दोन तास मैदान सर्व वयांच्या मुलामुलींना मोकळे राहील आणि त्या वेळी एक जबाबदार माणूस तेथे हजर असेल, असा ठराव मांडावा. आणि सर्वांनीच एकदा नगरपालिकेच्या नगररचना कचेरीत जाऊन आपल्या प्रभागाचा विकास आराखडा मागून घ्यावा, त्यात खेळासाठी राखलेले भूखंड कोणते, त्यांची मुदत केव्हा भरते, हे लिहून काढावे, आणि संपादनाच्या मागणीचा अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. मुदत भरण्याच्या आत हा अर्ज दप्तरी दाखल झाला पाहिजे.